गोळ्यापासून डोक्यापर्यंत

तुझा विश्वास बसणार नाही, पोरी. कुणाचाच बसत नाही. पण आपल्या कारखान्यातल्या एका पुतळ्याने एका जिवंत माणसाला भर बाजारात तोंड लपवायला लावलं होतं. तो लॅपटॉप मिट जरा, आणि ऐक.

तू आज बसलीयस त्याच खुर्चीत तुझ्याआधी मावशी बसायच्या. कपड्यांच्या दुकानात उभे असतात ना, त्या पुतळ्यांची डोकी घडवण्यात त्यांची हयात गेली. डोकी त्यांची, हातपाय जोडणारा मी. ओल्या मातीवर त्या अंगठा असा फिरवायच्या, की डोकं नजर रोखून बघायला लागायचं. त्यांच्या डोक्यांकडे पाठ करून मी कधी डबा खाल्ला नाही. भरवसा नाही वाटायचा.

मग मालकांनी डोकी छापणारं यंत्र आणलं. म्हणाले, "मातीचे दिवस संपले, मावशी. आता कॉम्प्युटरवर घडवायचं. नेटवर सगळं फुकटात शिकवतात. महिनाअखेरीला एक डोकं करून दाखवा, नाहीतर..." एवढं म्हणून त्यांनी मावशींच्या खुर्चीकडे बघितलं. मावशींना कळलं.

नेटवर त्यांना एक मास्तर भेटला. कोवळी दाढी, नाकाशेजारी तीळ, मागे खिडकी आणि व्हिडिओवर नाव झळकतंय, 'अगदी नवशिक्यांसाठी'. अर्धा वेळ स्वतःचं कौतुक. मग पडद्यावर एक गोळा आणून म्हणायचा, "हा घ्या गोळा. हे ओढलं नाक. आता थोडंसं साफ करून घेऊ." की पडदा लुकलुकायचा आणि गोळ्याच्या जागी जितंजागतं डोकं! पापण्या, सुरकुत्या, कानाच्या पाळ्या, सगळं जागच्या जागी. मधलं गायब.

मावशींनी तो व्हिडिओ इतक्यांदा मागे नेला की त्यातल्या मास्तरचा आवाज बसला. हसू नकोस, मी माझ्या कानांनी ऐकलाय. त्यांचा गोळा मात्र गोळाच. नाक ओढावं तर बटाटा व्हायचा. डाव्या गालाला टोचलं की उजव्यालाही आपोआप खड्डा पडायचा, कारण आरशासारखं दोन्हीकडे एकदम काम करणारं बटण चालू होतं. ते बंद करता येतं, हे मास्तरने सांगितलंच नव्हतं. शेवटी मावशींनी व्हिडिओखाली लिहिलं, "बाळा, मधलं कसं केलंस?"

उत्तर आलं, "सराव करा, आजी." पुढे दात काढून हसणारं तोंड.

मावशी चिडल्या की ओरडायच्या नाहीत. कामाला लागायच्या. ते जास्त वाईट. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "आता याचंच डोकं करते."

आणि केलं! गोळा घेतला, नाक ओढलं, थोडंसं साफ केलं, मास्तर हुबेहूब तयार. फक्त ते आरशाचं बटण मुद्दाम चालू ठेवलं. त्यामुळे तीळ नाकाच्या दोन्ही बाजूंना. यंत्राने डोकं छापलं, मी धडावर बसवलं. व्हिडिओतल्या खिडकीतून समोरच्या कापडदुकानाची पाटी दिसायची. दुकान आपलं जुनं गिऱ्हाईक! त्याच्या काचेत आम्ही मास्तरला उभा केला. अंगात फुलाफुलांचा बायकी गाऊन, गळ्यात पाटी, 'अगदी नवशिक्यांसाठी'.

ही गर्दी जमली! रस्ता बंद. त्याची सख्खी आई आली आणि काचेवर टकटक करून पुतळ्याला म्हणाली, "चल घरी, जेवण निवतंय." तेवढ्यात खरा मास्तर धावत आला. तोंड लालबुंद.

"काढा तो! आणि मला दोन तीळ कधी होते?"

मावशींनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "हा घे गोळा. सगळ्यांसमोर स्वतःचं डोकं नीट करून दाखव. लगेच उतरवते."

त्याने नाक ओढलं. मग थांबला. कपाळावर घाम. गर्दी ओरडायला लागली, "पुढे? पुढे?" मास्तर रडकुंडीला आला. "पुढचं मलाच येत नाही, आजी. ते डोकं मी तयार विकत घेतलं होतं."

"मग सराव कर, बाळा," मावशी म्हणाल्या, आणि दुकान बंद होईपर्यंत त्याला त्या पुतळ्याशेजारी उभा केला. येणारेजाणारे विचारायचे, यातला खरा कोणता? पुतळा एकदा शिंकलासुद्धा. तेव्हापासून त्या मास्तरने नेटवर तोंड दाखवलेलं नाही. आणि मालकांनी मावशींना हार घालून, मोठ्या मानाने निरोप... काय गं? लॅपटॉप कशाला उघडलास?

"हा बघा तुमचा मास्तर, काका. काल नवा व्हिडिओ टाकलाय त्याने. तोच तीळ, तीच खिडकी, आणि 'थोडंसं साफ करून घेऊ'. आणि हा माझा गोळा. नाक ओढून सकाळपासून बसलेय. उद्या मालक बघायला येणार आहेत. गोष्ट ऐकत होते ती एवढ्यासाठीच, की मावशींनी मधलं कसं केलं ते तुम्ही सांगाल."

सांगितलं की. थोडंसं साफ...

"खोटं. तिथे तुम्हीही उडी मारलीत. जे मास्तरलाच येत नव्हतं, ते मावशींना कुठून आलं? नाहीच आलं. म्हणून ही खुर्ची रिकामी होती."