कोटाचं बटण

शेवटचं बटण काही केल्या निघेना. धाकट्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्याखाली घातलं आणि जोर दिला. कोटाचं जाडजूड काळं बटण अ‍ॅम्प्लिफायरवरून उडालं आणि फरशीवर टणटणत कपाटाखाली गेलं. काय पडलं म्हणून बाबा खुर्चीतून ताडकन उठले. काही नाही, तुमचं बटणच, असं म्हणत धाकट्याने ते हात घालून काढलं आणि वाटीत टाकलं. वाटीत आधीच सात-आठ बटणं जमली होती.

बाबांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. दोन वर्षांपूर्वी सुई-दोऱ्याचा कंटाळा आला म्हणून दुकान बंद केलं, आणि मग घरच्या होम थिएटरला बटणं चिकटवत बसले. टेपच्या खटक्यावर शर्टाचं दोन भोकांचं, डिस्कच्या खटक्यावर चार भोकांचं, रेडिओला प्रेसबटण, आवाजाच्या चकतीवर कोटाचं. ताईला ते पाहून हसू आवरलं नव्हतं. जित्याची खोड, दुसरं काय.

आता ते सगळं धूड निघालं होतं. त्याच्या जागी विटेएवढा एक कॉम्प्युटर येणार होता. त्यात बाबांच्या सगळ्या कॅसेटी आणि डिस्का धाकट्याने तीन महिने खपून भरल्या होत्या. वर कॅमेराही होता, म्हणजे दर रविवारी टीव्हीवरच एकमेकांना बघता आलं असतं. ही ताईची योजना. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात हे तिला पटत नव्हतं, आणि उंटावरून शेळ्या हाकायला ती पटाईत होती. तिने अट घातली होती. बाबांनी हे यंत्र एकट्याने चालवून दाखवलं तर इथेच राहू देत. नाही तर महिनाअखेर बाडबिस्तरा तिच्याकडे. बाबांना हे घर सोडून कुठेही जायचं नव्हतं. त्यांनी अट तिथल्या तिथे मान्य केली, याचं मात्र धाकट्याला नवल वाटलं होतं.

धाकट्याची परतीची साडेचारची गाडी होती आणि तीन वाजून गेले होते. त्यात बाबांच्या पायाला भिंगरी. भिंतीला हात लावत खोलीभर फिरायचे, रिकाम्या फळीवरून बोटं फिरवायचे, पुन्हा खुर्चीत यायचे. मध्येच जाऊन चहा करून आणला. कपाच्या काठावरून त्यांचं बोट आत गेलेलं पाहून धाकटा वैतागला. निदान बोट तरी बाहेर ठेवा, म्हणाला. बाबा हसले. चाळिशी ओलांडली तरी ह्याची कटकट काही जात नाही, असं म्हणाले आणि फडक्याने बोट पुसत बसले.

नवा रिमोट धाकट्याने त्यांच्या हातात दिला. काचेसारखा गुळगुळीत होता, खालची चार बटणंही सपाटच. वरची चकती फिरवली की पडद्यावर यादी सरकते, दाबलं की हवं ते लागतं, इतकं सोपं. बाबांनी रिमोट उलटा केला, सुलटा केला, अंगठा एकदा वर नेला, एकदा खाली. पुन्हा सांग, म्हणाले. धाकट्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज चढला. त्याचं त्यालाच वाईट वाटलं, पण घड्याळ थांबत नव्हतं. ज्या माणसाने डोळे मिटून काजं केली असती त्याला चार बटणं समजू नयेत, याचं त्याला कोडं पडलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तू निघ. मी बसतो शिकत."

धाकट्याला ते ऐकून जरा बरं वाटलं. आता फक्त टीव्हीच्या मागचं काम उरलं होतं. टीव्ही सुरू झाला की पहिल्यांदा आईचा फोटो दिसेल अशी त्याने सोय केली होती. तेही त्याने बाबांना सांगून टाकलं, म्हणजे त्यांचा मूड तरी सुधारेल. मग गुडघ्यावर बसून तो टीव्हीच्या मागे गेला. कॉम्प्युटर सुरू झाला. स्पीकरमधून घंटेसारखा एक सूर आला.

खुर्चीतून बाबांचा आवाज आला.

"छान दिसतेय रे तुझी आई. अगदी समोर बसल्यासारखी."

धाकट्याने मान वर काढली. बाबा टीव्हीकडे तोंड करून हसत होते. पडदा काळाकुट्ट होता. टीव्हीला लावायची वायर अजून धाकट्याच्या हातात होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ताई होती. जमलं का बाबांना, एवढंच तिला हवं होतं. धाकट्याने रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग वाटीकडे.

"ताई, त्यांना सगळं जमत होतं गं," तो म्हणाला. "मीच घोळ घातला. आज मी निघत नाही, रात्री नीट बोलतो."

फोन ठेवून तो उठला आणि ड्रॉवरमधून गोंदाची नळी शोधून आणली. बाबा रिमोट घट्ट धरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच मावळलं होतं. धाकटा त्यांच्या पायाशी फरशीवर बसला आणि त्याने वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, रिमोटवर कुठे कोणतं लावायचं ते सांगा."

बाबांची बोटं हळूच वाटीत उतरली, चाचपत राहिली आणि त्यांनी कोटाचं बटण बाहेर काढलं.

"हे आवाजाला," ते म्हणाले. "पण आधी तिचा फोटो लाव. तुला तरी दिसू दे."