काट्यासकट

यंत्राने चांगुणाबाई चोगल्यांच्या मांडीचं हाड वाचलं आणि लाल दिवा लावला.

"मावशी, हाड चाळिशीतल्या बाईसारखं आहे," डॉक्टर मेघना म्हणाली. "पण त्यातलं कॅल्शियम कुठून आलं, ते यंत्राला ओळखता येत नाही. आमच्या गोळ्यांचं तर त्यात नावही नाही. बाहेरून काही घेता का?"

सत्तरीनंतर बंदरावर मासळीची टोपली उचलायची तर दरवर्षी या यंत्राचा हिरवा दिवा मिळवावा लागायचा. पण चांगुणाबाई भडकल्या त्या वेगळ्याच कारणाने.

"चोरून औषध खाते म्हणतेस? तुमच्या गोळ्या घरी तशाच पडल्यात, मोजून घे!"

त्यांनी टोपलीतून न्याहारीचा डबा काढला. नाचणीच्या भाकरीवर भाजलेली सुकी मांदेली होती.

"पापलेट, सुरमई गिऱ्हाइकाला. ही बारकी, न खपलेली मासळी आमच्या ताटात. लहानपणापासून."

मेघनाने यंत्राची यादी चाळली. यंत्र शहरात घडलं होतं. यादीत दूध होतं, नाचणी होती, गोळ्यांचे बावीस प्रकार होते. न खपलेल्या मासळीची आठवण कुणालाच झाली नव्हती. तिने नवी ओळ उघडून लिहिलं, 'मांदेली'. दिवा लालच राहिला.

"काटे काढून खाता ना?"

"काटे काढत बसायला आम्ही काय पाहुणे आहोत?" चांगुणाबाईंनी एक मांदेली कुर्रकन चावली. "पुरतं लिही, पोरी. काट्यासकट."

मेघनाने लिहिलं. दिवा हिरवा झाला.

उचलून द्यायला तिने हात लावायच्या आत टोपली चांगुणाबाईंच्या डोक्यावर होती.