अप्पांचं काष्ठमौन

“जाऊ दे तिला. सूर्याचंच काम आहे.”

पहाडावरच्या वेधशाळेत शरदिनीला हा आवाज रोज आठवायचा. घोगरा, शेवटी खाकरलेला. उपग्रहावर बसवायच्या सौरपट्ट्यांचे नमुने ती उन्हात धरायची, किती वीज देतात ते मोजायची. काशीतलं ऊन धुळीतून गाळून येतं. इथं हवा विरळ, ऊन जवळजवळ अंतराळातल्यासारखं कोरं. मोजणीआधी ती मनोमन अप्पांना हात जोडायची.

अप्पा म्हणजे तिचे सासरे, काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारे वेणीमाधवशास्त्री. चातुर्मासात त्यांचं काष्ठमौन. बोलणं नाही, लिहिणं नाही, खूणसुद्धा नाही. आणि विद्यापीठातून पहाडावर जायचं बोलावणं आलं ते नेमकं भाद्रपदात. नवरा श्रीनिवास एवढंच म्हणाला की अप्पांना विचार. आता मौनातल्या माणसाला विचारायचं कसं? ती देवघराच्या लोटलेल्या दाराबाहेर उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. आत अप्पा जपाला बसलेले, सासूबाई फुलवाती वळत होत्या. तेव्हा तो आवाज आला.

सख्ख्या भावाच्या दुखण्यातही न मोडलेलं व्रत अप्पांनी सुनेसाठी मोडलं होतं.

निघताना माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दशम्या बांधून दिल्या. एरवी मंगळागौरीत सासू-सासऱ्यांची सोंगं एकटीनं वठवून बायकांना हसवून लोळवणाऱ्या माई त्या दिवशी गप्पगप्प होत्या. नवऱ्याचं व्रत मोडल्याचा सल असणार, असं शरदिनीला वाटलं. तिनं त्यांनाही वाकून नमस्कार केला.

कार्तिकी एकादशीला मौन सुटलं, त्याच दिवशी ती परतली. नमुने कसोटीला उतरले होते. पौषात पुन्हा जायचं होतं, आता खऱ्या पट्ट्या घेऊन. आणि तेव्हा घरून होकार नसता तर तिची जागा दुसऱ्याला मिळाली असती. अप्पांच्या पायांवर डोकं ठेवून तिनं हे सांगितलं. तुम्ही माझ्यासाठी व्रत मोडलंत, हे ऋण या जन्मी फिटायचं नाही, असंही म्हणाली.

अप्पांनी माईंकडे पाहिलं. माईंनी पदर तोंडाला लावला.

“जा,” अप्पा म्हणाले.

शरदिनीचे डोळे भरून आले. “दुसऱ्यांदा ‘जा’ म्हणालात, अप्पा.”

“पहिल्यांदाच. तेव्हा बोलली ती ही, माझा आवाज काढून.” अप्पा खाकरले. “मला ‘नाही’च म्हणायचं होतं गं. पण त्यासाठी मौन मोडावं लागलं असतं.”