भोंगा वाजला नाही

विमान बाहेर ओढून न्यायला ट्रॅक्टर जोडून झाला होता. तेवढ्यात एक तरुण तंत्रज्ञ मुलगी मुख्य अभियंत्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, माझी टॉर्च सापडत नाहीये."

हँगरच्या भिंतीवर हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्याराची आकृती पिवळ्या रंगात काढलेली. हत्यार तिच्यावरच टांगायचं. काम संपल्यावर एकही आकृती उघडी दिसता कामा नये. आता एक दिसत होती, बोटाएवढी.

"खिसे, बॅग?"

"सगळं झाडून पाहिलं. बॅगेत अशीच एक आहे, माझी स्वतःची. ती टांगली असती तर..." ती थांबली. "टांगली नाही."

हँगरमधली ठोकाठोक बंद पडली. सगळे कामात असल्यासारखे दिसत होते आणि कोणीच काम करत नव्हतं.

मुख्य अभियंत्याला इथे भोंगा म्हणत. तो सुरू झाला की शेजारच्या हँगरमधली माणसं पाळी सुटली समजून डबे आवरायला घेत. मग कंपनीने त्याला राग आवरायला शिकवण्यासाठी एक प्रशिक्षक बाई नेमल्या. दर आठवड्याला दोघं काचेच्या खोलीत बोलत बसायचे. भोंगा बंद झाला. बाईंचं काम संपलं, त्या गेल्या, तरी बंदच राहिला. पण विश्वास कोणाचाच बसला नव्हता. सर्वांत जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणत, चहाच्या वेळी हमखास सांगत, "भाड्याचं शहाणपण आहे ते. कुत्र्याचं शेपूट नळीत आहे तोवर सरळ. नळी निघू द्या, मग बोलू."

आता नळी निघणार, असं प्रत्येकाला वाटलं. मुख्य अभियंत्याची मान कानापर्यंत लाल झाली होती. शिडीच्या कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती.

"शेवटची कुठे वापरलीस?" त्याने विचारलं. आवाज इतका खाली होता की तिला एक पाऊल पुढे यावं लागलं.

"शेपटीत, तारा तपासताना. नंतर पंखातही गेले होते. खरंच आठवत नाही."

"मग दोन्ही उघडू. आधी शेपूट."

त्याने ट्रॅक्टर सोडायची खूण केली आणि भिंतीवरच्या फोनवरून वरच्या साहेबांना गाठलं.

"विमान थांबवतोय. एक हत्यार हरवलंय. आत राहिलेलं असू शकतं."

पलीकडचा आवाज चार माणसांना ऐकू जात होता. प्रवासी बसमध्ये बसलेत, म्हणे. कोणी हरवलं?

"माझ्या हँगरने."

"नाव सांग."

"नाव कळून टॉर्च सापडणार नाही. शोधू दे आधी."

पलीकडून बराच वेळ बोलणं चालू राहिलं. तो रिसीव्हर कानापासून जरा लांब धरून ऐकत राहिला. जवळच्या एका फिटरने काकांना कोपराने ढोसलं. "काका, भोंगा तिकडे वाजतोय आज."

काका हसले नाहीत.

शेपटीचे पत्रे उघडले. आतल्या अरुंद पोकळीत ती स्वतःच सरपटत शिरली. बाहेर तिचे फक्त बूट दिसत होते. बूट बराच वेळ हलत राहिले, मग एकदम थांबले. ती बाहेर आली तेव्हा टॉर्च मुठीत होती. सुकाणूची तार ज्या कप्पीवरून फिरते, तिच्या अगदी बाजूला पडलेली मिळाली होती. हवेत धक्के बसून ती वीतभर घसरली असती, तर सुकाणू जागच्या जागी अडकलं असतं. हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

टॉर्च फळ्यावर टांगून ती परत आली. कपाळावर ग्रीसचा पट्टा होता.

"सर, एक विचारू? राग नाही आला?"

"आला ना. अजून आहे. उतरेल दुपारपर्यंत."

"दिसला नाही."

"मान बघितली नाहीस तू माझी." तो थोडं हसला. "त्या बाईंनी पहिल्या दिवशी एकच विचारलं होतं मला. तुमच्यापासून तुमची माणसं काय काय लपवतात? मी छातीठोकपणे सांगितलं, काहीच नाही. त्यावर त्या काही बोलल्याच नाहीत. उत्तर वहीत लिहून घेतलं आणि गप्प बसल्या. ते गप्प बसणं अजून ऐकू येतं मला."

पत्रे बंद झाले, तपासणी झाली, विमान बाहेर गेलं. ठोकाठोक पुन्हा सुरू झाली. माणसं आपापल्या जागी पांगली. फक्त काका फळ्यासमोर उभे होते. त्यांनी वरच्या रांगेतली एक छोटी पक्कड काढली, उलटसुलट करून पाहिली आणि ती घेऊन मुख्य अभियंत्याकडे आले.

"साहेब."

"बोला, काका."

"ही कंपनीची नाही. बाजारातून आणलीय, मीच. नंबरही मीच कोरला, हुबेहूब." त्यांचा आवाज चहाच्या वेळचा नव्हता. "मूळची कामात हरवली. तेव्हा तुमच्यासमोर येऊन उभं राहायची सोय नव्हती."

मुख्य अभियंत्याने पक्कड हातात घेतली. मान पुन्हा लाल होत गेली, या वेळी कानांच्याही वर. मग तो शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसला आणि एका बाजूला सरकून त्याने जागा केली.

"बसा, काका," तो म्हणाला. "कोणत्या विमानात?"