समुद्रावरचे ठिपके

वादळाचा इशारा आला आणि नेमका तेव्हाच मच्छीमार सोसायटीतल्या पडद्यावरचा होड्यांचा नकाशा कोरा पडला. तो प्रोग्राम प्रणिताने लिहिलेला. तिच्या खुर्चीमागे बायका दाटीने उभ्या होत्या.

"सगळ्यो होड्यो खय गेल्यो गो?" चेअरमन तांडेलकाकांनी विचारलं.

होड्या कुठेच गेल्या नव्हत्या. प्रोग्राम प्रत्येक होडीच्या नोंदीत शिरायचा, तिथून होडीवरच्या यंत्राकडे जायचा आणि यंत्राला ठिकाण विचारायचा. मागे उभ्या असलेल्या शेवंतीच्या नवऱ्याने होडीवरचं यंत्र दुरुस्तीला दिलं होतं आणि तो त्याच्याविनाच समुद्रावर गेला होता. जे नाहीच त्याला ठिकाण विचारताना प्रोग्राम कोसळत होता आणि सोबत बाकीच्या होड्याही नाहीशा होत होत्या.

प्रणिताने 'यंत्र' या शब्दानंतर एक प्रश्नचिन्ह टाकलं. आधी यंत्र आहे का ते बघ, नसेल तर निमूट पुढच्या होडीकडे जा.

निळ्या पडद्यावर एकामागून एक ठिपके उमटू लागले. सगळे बंदराकडे सरकत होते. रोजचेच ठिपके, पण आज प्रणिताला त्यांत माणसं दिसली.

"आणि आमची?" शेवंतीने हळूच विचारलं.

काकांनी सर्वांत मागच्या होडीला वायरलेसवरून हाक दिली आणि शेवंतीची होडी दिसते का ते विचारलं. खरखरीतून उत्तर आलं, "दिसता मा. आमच्या पाठसूनच येता."

शेवंतीने त्या होडीच्या ठिपक्यामागच्या मोकळ्या निळ्या जागेवर बोट टेकवलं. ठिपका सरकला तसं बोटही सरकत गेलं, थेट बंदरापर्यंत.