समोरच्या बाकावरचा दत्ताराम

अभय सबनीसांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, तसा परळच्या बागेतला हास्यक्लब हसायचा थांबला आणि पार दुसऱ्या टोकाला निघून गेला.

सबनीसांना त्याचं काही वाटलं नाही. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हायोलिन हाती घेतलं होतं. घरी सुमेधाताईंनी पहिल्याच आठवड्यात ‘हे तरी, नाहीतर मी तरी’ असं बजावलं, म्हणून ते रोज सकाळी बागेत रियाज करत. भूप वाजवत. निदान ते स्वतः त्याला भूप म्हणत. आसपासची बाकं पाच मिनिटांत रिकामी होत.

“लोकांना कानच नाहीत,” ते घरी सांगत.

मग एके सकाळी लालबागच्या चाळीतला दत्ताराम समोरच्या बाकावर येऊन बसला. सत्तरीचा, हडकुळा. सबनीसांनी गज ओढला मात्र, त्याचे डोळे वाहू लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर तेच.

“माझ्या वाजवण्यानं माणूस रडतो!” सबनीसांनी बायकोला सांगितलं.

“मीही रडलेच होते,” सुमेधाताई म्हणाल्या.

अशा रसिकापुढे व्हायोलिन अपुरं पडतंय, असं सबनीसांनी ठरवलं. त्यांनी थेट चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, घेतला. सकाळी बागेत व्हायोलिन, संध्याकाळी दादरला मास्तरांकडे चेलो. मास्तर कडक. मोकळ्या तारांवर लांब गज ओढण्यापलीकडे त्यांनी काही करूच दिलं नाही. तीन आठवड्यांनी सबनीस ते माणसाएवढं वाद्य टॅक्सीत घालून बागेत आले. बसायला घरचं स्टूलही आणलं.

त्यांनी सावकाश गज ओढला. एकच सूर, खोल, घुमणारा. फिरणाऱ्या दोन बायका थांबल्या. हास्यक्लब हळूहळू जवळ सरकला. बाकं भरली. कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

दत्ताराम उठून निघाला.

सबनीस गज टाकून त्याच्यामागे धावले. “का हो? आवडलं नाही?”

“बरं वाजतंय, सायब. पण ते पयलंच वाजवा ना.”

सबनीस सुखावले. “व्हायोलिन? एवढं काळजाला भिडायचं?”

दत्तारामने पंच्यानं तोंड पुसलं.

“बायको जाऊन अडीच महिने झाले, सायब. खोलीत आमी सात माणसं. रडूक जागा नाय. तुमचं ते सुरू झालं, की हय कोण फिरकायचं नाय.”