गैरवापर

पालमच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल कोकिळाबाईंना विद्यापीठातून फोन आला.

"मॅडम, तुमच्या ज्ञानेश्वरी नावाच्या विद्यार्थिनीनं आज सकाळपासून दीडशे ई-पुस्तकं मोबाइलमध्ये उतरवून घेतलीत. एवढी कुणी वाचतं का? हा गैरवापर आहे. तिचं खातं बंद करतोय."

"सांजपर्यंत थांबा, साहेब. अजून पन्नास राहिलीत."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"मीच बसवलंय तिला. उद्या मायबापासंगं ऊसतोडीला निघायलीय, सहा महिन्यांसाठी. फडात रेंज नसती."

"म्हणून एकदम दोनशे?"

कोकिळाबाई खुर्चीत जरा ताठ बसल्या.

"मागल्या साली शंभर दिली होती, साहेब. पोरीनं संक्रांतीलाच संपवली."